माझा आक्षेप एका 'म्हणून'वर

पावसाळा आला की मुंबईत डास आणि व्हॉट्सअॅपवर काढे एकदमच उगवतात. गुळवेल, सप्तपर्णी, काडेचिराईत... आणि खाली ठरलेलं वाक्य, "यात भरपूर अँटिऑक्सिडंट आहेत, म्हणून मलेरियावर गुणकारी." माझं भांडण काढ्याशी नाही, त्या 'म्हणून'शी आहे.

कारण मलेरियावरचं आजचं सगळ्यात भारी झाडपाल्याचं औषध नेमकं उलट्या रस्त्याने जातं. आर्टेमिसिनिन! ते मिळतं चिंगहाओ या चिनी वनस्पतीत. चौथ्या शतकात गे हाँगने लिहून ठेवलं होतं की मूठभर चिंगहाओ पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. उकळा असं कुठेच नाही. तू यूयू बाईंची ट्यूब तिथेच पेटली. १९७१ मध्ये त्यांनी कमी तापमानाला ईथरने अर्क काढला आणि तो उंदरांवर चालला. २०१५ चं नोबेल त्याचंच.

आता गंमत बघा. या रेणूत दोन ऑक्सिजन अणूंचा एक पूल असतो. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत बसून हिमोग्लोबिन खातो, त्यातून लोह असलेलं हीम सुटतं. हे लोह तो पूल तोडतं, त्यातून फ्री रॅडिकल्स तयार होतात आणि परजीवीच्या प्रथिनांची वाट लावतात. हो, तेच फ्री रॅडिकल्स, ज्यांच्या भीतीने अर्धं ऑफिस ग्रीन टी पितं!

आणि ती अँटिऑक्सिडंट टेस्ट तरी काय असते? डीपीपीएच नावाचं जांभळं द्रावण घ्या, अर्क टाका, रंग उडून पिवळट झाला की पास. साधा चहाही पास होतो. त्या नळीत परजीवी नसतोच मुळी. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉगिन पेज उघडलं म्हणून बँकेचं अख्खं सॉफ्टवेअर पास करणं.

झाडपाला फालतू आहे असं मी म्हणत नाहीये. क्विनाइनही सिंकोनाच्या सालीतूनच आलं. पण फाल्सिपॅरम मलेरिया उपचाराविना २४ तासांतही गंभीर होऊ शकतो. एवढ्या वेळात "आधी दोन दिवस काढा घेऊन बघू" बसत नाही. खुद्द आर्टेमिसियाच्या चहालाही जागतिक आरोग्य संघटनेचा विरोध आहे. दर कपात औषध किती उतरलं याचा भरवसा नाही, आणि अपुऱ्या डोसातून वाचलेले परजीवी औषधालाच दाद देईनासे होतात. म्हणून तर डॉक्टर आर्टेमिसिनिन गटातलं औषधही एकटं देत नाहीत, जोडीला दुसरं देतात, आणि तेही रक्त तपासून.