आधीं यंत्रास विचारावें

शाळेंतील इंटरनेट मंद चालूं लागलें कीं दोन गोष्टी हटकून घडतात. विद्यार्थी लाइन देणाऱ्या कंपनीच्या नांवानें बोटें मोडतात, आणि कोणी तरी मोठी लाइन घेण्याची सूचना पुढें आणतो. मोठी लाइन म्हणजे दरमहाचा वाढता खर्च. तो बहुधा पालकांच्याच खिशांतून यावयाचा. परंतु ज्या राउटरांतून व स्विचांतून ही सारी वाहतूक रात्रंदिवस जाते, त्यांनाच काय झालें तें विचारावें, असें फारसें कोणास सुचत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, हें विचारणें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस शिकविलें पाहिजे. आणि तेंही रंगीत आलेख दाखवून नव्हे, तर आज्ञा त्यांच्या स्वतःच्या हातांनीं टंकून.

हीं यंत्रें मुकीं नाहींत. १९८८ सालीं एस्.एन्.एम्.पी. या नांवाची संभाषणाची एक पद्धत ठरली, व ती आजही पुष्कळशा राउटरांस, स्विचांस व प्रिंटरांस समजते. यंत्र आपली माहिती निरनिराळ्या कप्प्यांत ठेवितें आणि प्रत्येक कप्प्यास बिंदूंनीं जोडलेल्या आंकड्यांचा पत्ता असतो. पाकिटावर जिल्हा, तालुका, गांव व आळी लिहावी तसाच हा प्रकार. १.३.६.१.२.१.१.१.० या पत्त्यावर यंत्र आपलें वर्णन सांगतें. याच आळींतील तिसऱ्या घरीं तें किती वेळ चालूं आहे तें कळतें, मात्र सेकंदाच्या शंभराव्या हिश्शांत.

विचारण्याचें साधन नेट-एस्.एन्.एम्.पी. हें विनामूल्य मिळतें. त्यांतील ‘गेट’ ही आज्ञा एका कप्प्याचें उत्तर आणते. ‘वॉक’ ही नांवाप्रमाणें चालत जाते: एका दारीं उत्तर घ्यावयाचें, ‘पुढचें घर कोणतें?’ म्हणून विचारावयाचें, आणि आळी संपेपर्यंत असेंच करावयाचें. पडद्यावर शेंकडों ओळी धांवूं लागल्या म्हणजे नवशिका दचकतो. पण त्यांतल्या बहुतेकांशीं आपणांस कर्तव्य नसतें. ‘टेबल’ ही आज्ञा तीच माहिती रकान्यांत मांडून दाखविते, आणि वाचण्यास तीच बरी.

आतां एक हिशेब पाहा. प्रत्येक पोर्टामधून किती बाइट आंत आले याची मोजणी यंत्र ठेवितें. एकच आंकडा निरुपयोगी आहे. पाण्याच्या मीटरावरील एका वाचनानें बिल होत नाहीं, तसेंच हें. ३०० सेकंदांच्या अंतरानें दोन वाचनें घेतलीं व फरक ३७ कोटी ५० लक्ष बाइट आला, तर त्यास ८ नीं गुणून ३०० नीं भागावें. उत्तर येतें दर सेकंदास १ कोटी बिट, म्हणजे १० मेगाबिट. लाइन १०० मेगाबिटांची असेल तर नऊ हिस्से रिकामेच आहेत! त्या वेळींही काम रखडत असेल तर दोष लाइनीच्या रुंदीचा नव्हे. शेजारच्या रकान्यांत चुकीच्या आलेल्या पाकिटांची मोजणी असते. ती भराभर वाढत असेल तर आधीं केबल बदलून पाहावी. तिला मोठ्या लाइनीच्या मानानें फारच थोडे पैसे पडतात.

या हिशेबांत एक खांच आहे. जुनी मोजणी ३२ बिटांची असल्यानें ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जाऊन पुन्हां शून्यापासून सुरू होते. पूर्ण भरलेल्या १०० मेगाबिटांच्या लाइनीवर हें सहा मिनिटांच्या आंतच घडतें. म्हणून ६४ बिटांची मोजणी असेल तेथें तीच वाचावी.

‘सुंदर आलेख असतां हा खटाटोप कशाला?’ असें कोणी म्हणेल. आलेखांशीं आमचें वैर नाहीं. १९९४ सालीं इंग्लंडांतील लेस्टर येथील डी मॉन्टफोर्ट विद्यापीठांत हजारांवर संगणकांस मिळून ६४ किलोबिटांची एकच लाइन होती, व मोठी लाइन लवकर मिळण्यासारखी नव्हती. तेव्हां निदान लाइनीची स्थिति तरी सर्वांस दिसावी म्हणून टोबियास ओएटिकर यांनीं याच मोजण्या वाचून आलेख काढणारी एम्.आर्.टी.जी. ही प्रणाली रचली. परंतु असे आलेख सरासरीचे असतात. दोन मिनिटांची कोंडी पांच मिनिटांच्या सरासरींत दिसेनाशी होते, आणि मूळ आंकडे ज्यानें कधीं पाहिले नाहींत त्यास ती लपली हेंही कळत नाहीं.

मुलांच्या हातीं ही किल्ली देणें धोक्याचें, हा आक्षेप मात्र आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तींत, व दुसरीच्या प्रचलित रूपांतही, परवलीचा शब्द उघडा जातो; पुष्कळ यंत्रांवर वाचण्यासाठीं ‘पब्लिक’ व बदल करण्यासाठीं ‘प्रायव्हेट’ हे कारखान्यांतले शब्द तसेच राहिलेले असत. पण हा धोका विद्यार्थी शिकल्यानें उत्पन्न होत नाहीं. शब्द न बदलल्यानें होतो. २००२ सालीं पूर्ण प्रमाण म्हणून मान्य झालेल्या तिसऱ्या आवृत्तींत ओळख पटविण्याची व मजकूर गुप्त ठेवण्याची सोय आहे. तीच वापरावी, विद्यार्थ्यांस केवळ वाचण्याचा अधिकार द्यावा, आणि परवानगीवांचून परक्याच्या यंत्रास प्रश्न विचारूं नये हें पहिल्याच दिवशीं सांगावें.

संगणकाच्या खोलींत एक वही ठेवावी. आठवड्यांतून एकदां, सर्व वर्ग कामांत असतां, दोन विद्यार्थ्यांनीं दोन वाचनें घेऊन फरक व वेळ तींत लिहावी. मोठ्या लाइनीचा प्रश्न पालकांच्या सभेपुढें येईल त्या दिवशीं ती वही टेबलावर असावी, आणि आंकडे वाचून दाखविण्यास तेच दोघे विद्यार्थी उभे राहावेत.