आमटी गरम राहील इतकं लांब

मागच्या मे महिन्यात काशीदला आमच्या ओटीवर एक पाहुणे बसले होते. घरातल्या दोन खोल्या आम्ही शनिवार-रविवार पर्यटकांना देतो, त्यातले. साठीच्या आसपासचे, मुंबईचे, सोबत बायको. सकाळीच समुद्रावर फेरी मारून आले होते, सुरूच्या बनातली हवा डोक्यात गेली होती बहुतेक. चहा घेता घेता म्हणाले, "रिटायर झालो की इथेच यायचं ठरवलंय. एखादा तुकडा बघतोय. काय शांतता आहे हो! तुमचे आईवडील भाग्यवान. दिसले नाहीत पण, कुठे असतात?"

"कामोठ्याला," मी म्हटलं. "भाड्याच्या वन बीएचकेत."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ना... सख्ख्या आईबापाला समुद्रावरून उचलून सिमेंटच्या खोक्यात टाकणारी मुलगी!

ही नजर मला नवीन नाही. आमच्या नात्यात गेली तीन वर्षं मी ती झेलतेय. लग्नात, बारशात, तेराव्याला सुद्धा. म्हणून एकदाचं काय ते सविस्तर लिहून टाकते. काका, आत्या, तुम्हीही वाचा. रागावायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग रागवा.

काशीद सुंदर आहे यात वादच नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला फणसाडचं जंगल, मधल्या चिंचोळ्या पट्टीत नारळी-सुपारीच्या वाड्या. पण म्हाताऱ्या माणसाच्या घराचा पत्ता समुद्रापासून मोजायचा नसतो, तो दवाखान्यापासून आणि आपल्या माणसापासून मोजायचा. जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे बोर्ली, कोर्लई, साळावचा पूल, रेवदंडा, चौल असं करत तीसेक किलोमीटर. माझं घर कामोठ्याला, म्हणजे तिथून पुढे वडखळ, पेण, पनवेल. भाऊ मस्कतला, त्याचं अंतर विमानाच्या तिकिटात मोजायचं. लोक म्हणतात, आता भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे की! आहे, मार्च २०२०पासून आहे, तासाभरात मांडव्याला पोचवते. मांडव्याहून काशीद आणखी पन्नासेक किलोमीटर, तेही रस्ता धड असला तर.

३ जून २०२०च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा मी कामोठ्यात मोबाईल हातात घेऊन बसले होते. लॉकडाऊन, जिल्ह्यातल्या जिल्ह्यात जायचं तरी पास. सकाळी अकराला आईशी शेवटचं बोलणं झालं, मग चार दिवस काही नाही. टॉवर गेले, वीज गेली, रस्त्यावर झाडं. चौथ्या दिवशी एक ओळखीचा दूधवाला अलिबागपर्यंत येऊन फोन करून गेला, "दोघं बरी आहेत, वाडी गेली." वाडी गेली म्हणजे काय ते बाबांनी नंतर मोजलं. सुपारीची झाडं दोनशेच्या वर. सुपारी लावल्यावर फळ धरायला सहासात वर्षं जातात. पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर बसून बाबा ते गणित करत होते.

पुढच्याच वर्षी, २०२१च्या जुलैत, काशीदजवळचा जुना पूल पावसात कोसळला. मोटारसायकलवरून जाणारा एक माणूस त्यात गेला. अलिबागकडचा रस्ता बंद, जायचं तर रोह्याकडून मोठा वळसा. त्या रात्री आमच्या घरी कुणी आजारी नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी आई फोनवर म्हणाली, "काल तुझ्या बाबांना काही झालं असतं, तर मी काय केलं असतं गं?" आई असं बोलणाऱ्यातली नाही. आम्ही जागा शोधायला लागलो ती तेव्हापासून.

आधी सरळ प्रश्न आला, आणायचंच तर स्वतःच्या घरी का नाही? आमचं घर दोन खोल्यांचं, मुलगा बारावीला, हे एक कारण. पण खरं कारण बाबा. जावयाच्या घरी चार दिवसांच्या वर राहायचं नाही, हे त्यांचं तत्त्व. मुलीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणाऱ्या पिढीचे ते नव्हेत, पण तिथे पाय पसरून पेपरही वाचत नाहीत. आणि आईला स्वयंपाकघर स्वतःचं लागतं. माझ्या ओट्यावर ती पाहुण्यासारखी उभी राहते, "हे मीठ घेऊ का?" विचारते. ते मला बघवत नाही.

मग आम्ही ज्येष्ठांसाठी बांधलेल्या वसाहती पाहिल्या. हौसेनं पाहिल्या. पुण्यात परांजप्यांच्या अथश्रीची गेली वीसेक वर्षं चांगली चर्चा आहे, पाषाण-बाणेरकडे ओळखीची दोन जोडपी तिथे आनंदात आहेत. आमच्याच रायगड जिल्ह्यात नेरळला डिग्निटीची वसाहत आहे. लवासातही एक आहे. वाईट म्हणावं असं काही नाही. रुंद दारं, न्हाणीघरात धरायला दांडे, बोलायला समवयस्क माणसं, रात्री घंटा दाबली की कुणीतरी येणार. २०२४ साली महारेराने ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी नियमावलीच काढली आहे, दार किमान ९०० मिलिमीटर रुंद हवं, पायऱ्यांऐवजी उतार हवा वगैरे. अगदी हवेत असे नियम.

पण या वसाहती कुठे असतात? जिथे मोठी जमीन परवडली तिथे. आणि मुलं कुठे असतात? जिथे नोकरी मिळाली तिथे. ही दोन ठिकाणं एक येणं हा निव्वळ योग. नेरळला ठेवलं असतं तर मी रविवारी डबा घेऊन गेले असते, काशीदला जात होते तशीच. फक्त समुद्र नसता. आणि किंमत! तिथे राहणारे बहुतेक मोठं शहरातलं घर विकून आलेले असतात. आमच्याकडे विकायला काय? वाडी. "कोट्यवधीची जमीन आहे तुमची," असं सगळे म्हणतात. सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत हो! त्यातल्या तिघांचे पत्ते माहीत नाहीत, दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. रिव्हर्स मॉर्टगेज नावाची सोय २००८पासून आहे, पण ती स्वकमाईच्या, स्वतःच्या नावावरच्या राहत्या घराला. वडिलोपार्जित सामाईक वाडीवर कुठली बँक हात ठेवणार?

एका काकांनी सुचवलं (नाव घेत नाही, वाचत असतील), सामाईक सोडा, घराचा स्वतःचा हिस्सा मुलीच्या नावावर करा, ती कर्ज काढून मोठा फ्लॅट घेईल. मी स्वतः नाही म्हटलं. आईबापांच्या निर्वाहाच्या २००७च्या कायद्यात कलम २३ आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो. असं कलम करावं लागलं, यातच किती घरांत काय झालं ते आलं. मी तशी वागणार नाही याची मला खात्री आहे, पण म्हाताऱ्या माणसांनी आपल्या डोक्यावरचं छप्पर कुणाच्या खात्रीवर सोडू नये. माझ्यासुद्धा.

तर उरलं भाड्याचं घर. हिशेब सांगते, कारण सगळे तत्त्वज्ञान सांगतात आणि आकडे कुणी सांगत नाही. बाबांची ईपीएसची पेन्शन इतकी आहे की आकडा सांगायला त्यांनाच संकोच वाटतो (किमान हजार रुपये, हे २०१४ साली ठरलं, यावरून कल्पना करा). जन्माची पुंजी १८ लाख. ती पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवली. ८.२ टक्क्यांनी वर्षाला १,४७,६०० रुपये, म्हणजे महिन्याला १२,३००. घरभाडं १३,०००. काशीदच्या दोन खोल्या चुलतभाऊ सांभाळतो, त्यातलं अर्धं त्याचं, अर्धं आईबाबांचं. पावसाळ्यात शून्य, डिसेंबर आणि मे महिन्यात बरं. औषधं आणि विजेचं बिल भाऊ आणि मी मिळून. मुद्दल शाबूत, वाडी शाबूत, काशीदचं घर उघडं. ओढाताण होते, पण चालतं.

घर मिळणं मात्र सोपं नव्हतं. नवीन इमारतींत तळमजल्यावर गाड्या राहतात, माणसं नाहीत, म्हणजे लिफ्ट आली. जुन्या चार मजली इमारतींत लिफ्ट नाही आणि तळमजल्याला दुकानं. एजंट लोक आधी विचारायचे, "फॅमिली आहे ना?" आईबाबा म्हटलं की गप्प. एकानं तर स्पष्टच सांगितलं, "ताई, म्हाताऱ्यांना मालक देत नाहीत. उद्या काही झालं तर घराला नाव पडतं." बाबा शेजारीच उभे होते. परत येताना रिक्षात ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी म्हणाले, "काशीदलाच बरं होतं." सहा महिने गेले असे.

शेवटी माझ्या घरापासून सात मिनिटांवर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट असलेलं घर मिळालं. करार ३६ महिन्यांचा केला, आणि हे जरा ठळकपणे सांगते. आपल्याकडे सगळे डोळे मिटून ११ महिन्यांचा करार करतात. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत लागतोच. मग ११ महिन्यांनी वाचतं काय? ६० महिन्यांपर्यंतचा लिव्ह अँड लायसन्स करता येतो. तरुण माणसाला दर वर्षी घर बदलणं त्रासाचं असतं, ऐंशीच्या जवळच्या माणसाला ते परत एकदा गाव सोडण्यासारखं असतं. मालकांना विचारून न्हाणीघरात दोन दांडे बसवले, संडासात दिवा रात्रभर चालू. न्हाणीघराचं दार मोजलं तर चोवीस इंच! महारेराच्या नियमावलीपेक्षा जवळजवळ फूटभर कमी. चालायचंच.

आता त्या सात मिनिटांबद्दल. १९४८ साली जे. एच. शेल्डन नावाच्या डॉक्टरांनी इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या वृद्धांची पाहणी छापली. त्यात मुलं 'जवळ' राहतात म्हणजे किती जवळ, याची त्यांनी केलेली व्याख्या मला फार आवडते. गरम जेवण पुन्हा न तापवता एका घरून दुसऱ्या घरी नेता येईल इतकं. जपानीत तर सूप गार होणार नाही इतकं अंतर, असा वाक्प्रचारच आहे. आमच्याकडे ती आमटी आहे, आणि ती बहुतेक वेळा उलट दिशेनं येते. आई करते, बाबा डबा घेऊन येतात, दारातूनच देतात. "बसत नाही, जायचंय," म्हणतात. कुठे जायचंय देव जाणे. पण स्वतःच्या घरी जायचंय, हे त्यांच्या चालण्यात दिसतं.

सिंगापूरमध्ये आईवडिलांच्या चार किलोमीटरच्या आत सरकारी वसाहतीतलं जुनं घर घेतलं तर सरकार अनुदान देतं. आपल्याकडे २०२५च्या राज्य गृहनिर्माण धोरणात ज्येष्ठांच्या घरांचा विचार झाला आहे, चांगलंच आहे. पण तो पुन्हा वेगळ्या वसाहतीच्या अंगानंच जाईल अशी मला भीती वाटते. सिडको, म्हाडा हजारो घरं सोडतीत विकतात. त्यातली खालच्या मजल्यावरची थोडी छोटी घरं विकूच नयेत, त्याच वसाहतीत राहणाऱ्यांच्या आईवडिलांना भाड्यानं द्यावीत. म्हाताऱ्यांचं वेगळं गाव कशाला वसवायचं? आपल्याच बिल्डिंगमध्ये दोन खोल्या सापडत नाहीत, हे दुखणं आहे.

सगळं गोड आहे असं म्हणणार नाही. आईला तीन आठवड्यांत भाजीवाली, कोळीण, भजनी मंडळ सगळं मिळालं. बाबांना तीन वर्षांत काही मिळालेलं नाही. बाल्कनीत कुंडीत त्यांनी सुपारीचं रोप लावलंय, ते वाढत नाही आणि मरतही नाही. महिन्यातून दोनदा मुरूडची एसटी पकडून काशीदला जातात. पंच्याहत्तरीवरच्यांना २०२२पासून एसटी फुकट, आईला अर्धं तिकीट, तरी आई दर वेळी जात नाही. बाबा निसर्गनंतर लावलेली झाडं बघतात, भावाला दोन शिव्या घालतात आणि परत येतात. पाहुण्यांच्या नजरेतला प्रश्न मला बाबांच्या नजरेतही दिसतो कधी कधी. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मागच्या सप्टेंबरात रात्री दीडला आईचा फोन आला, बाबांना घाम फुटलाय म्हणून, तेव्हा मी गाऊनवर ओढणी टाकून धावत सात मिनिटांचं अंतर चारात गेले. साखर उतरली होती, गूळ-पाणी देऊन वर आली. एवढंच घडलं. काशीदला असते तर तेवढंच घडलं असतं का, मला माहीत नाही.

असो. आता खरी अडचण. करार येत्या मार्चमध्ये संपतोय आणि मालकांच्या मुलाचं लग्न ठरलंय, त्यांना घर हवंय. माणूस चांगला, चार महिने आधी सांगितलं. तेव्हा पुन्हा शोध सुरू. कामोठ्यात मानसरोवर स्टेशनच्या बाजूला, लिफ्ट असलेलं किंवा तळमजल्यावरचं, पंधरा हजारांच्या आत, म्हातारी माणसं चालतील असं घर कुणाच्या पाहण्यात असेल तर जरूर कळवा. न्हाणीघराचं दार चोवीस इंची असलं तरी चालेल.