बिलगणं हा निर्दोषपणाचा दाखला नव्हे

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका बैठकीत परवा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी निकालच देऊन टाकला. नवरा-बायकोत हाणामारी झाली तरी तान्ह्याला काय कळतंय, मोठं झालं की विसरतं. मारणाऱ्या बापालाच पोर जाऊन बिलगतं, म्हणजे लळा शाबूत आहे. तेव्हा घराच्या भानगडीत पडू नका. पाठोपाठ ‘आम्हीही मार खाऊनच वाढलो’ हे आलंच. मार खाऊन जे खचले, ते असल्या बैठकीत बोलायला येत नाहीत.

तान्ह्याला काय कळतं? ओरेगनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये सहा ते बारा महिन्यांच्या बाळांना झोपेत रागीट आवाज ऐकवून त्यांचे मेंदू तपासले. ज्यांच्या घरी भांडणं जास्त, त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद अधिक तीव्र होता. झोपेतसुद्धा.

पण माझा खरा राग त्या बिलगण्याच्या पुराव्यावर आहे. भ्यालेलं मूल आपल्या माणसाकडे धावतं; लळ्याचं मूळ मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी इथेच दाखवलं. ज्याची भीती तोच आसरा असेल, तर त्याने जायचं कुठे? संशोधक मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी १९८६ मध्ये अशा बाळांचं वागणं मांडलं: आईकडे निघतात आणि मध्येच थिजतात, जवळ येतात ते तोंड फिरवून. १९८९ च्या एका अमेरिकी अभ्यासात छळ किंवा हेळसांड सोसलेल्या दर पाच बाळांतली सुमारे चार अशी निघाली. आणि मार आई खात असेल तर? बाळाला बोटही लागलं नाही, तरी त्याचा आसराच भेदरलेला असतो. ते बापाला बिलगतं, कारण त्याला दुसरं कुणी नाही. याला घर शाबूत असल्याची खूण म्हणणं हा निर्दयपणा आहे.

‘घरातलं घरात’ हा वाद तर या गावात केव्हाच संपायला हवा होता. ज्यांच्या नावाची ही पेठ, त्या शाहू महाराजांनी १९१९ मध्येच बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केला.

करायचं काय? आधी मार थांबवायचा, मग आई आणि बाळ दोघांना मिळून आधार द्यायचा. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या २००६ च्या प्रयोगात अशा आधारानंतर निम्म्याहून अधिक बाळांचा लळा सुरक्षित झाला. नेहमीच्या मदतीवर सोडलेल्यांत जवळजवळ कुणाचाच नाही. शेजारच्या घरातून मार ऐकू येत असेल, तर मुलासाठी १०९८ आणि बाईसाठी १८१ फिरवा.