खिडकीबाहेर टांगलेला जीव

होळी उलटली की मीरा रोडच्या आकाशात माणसे दिसू लागतात. शांतीनगरातल्या जुन्या इमारती असोत की कनकियाच्या बाजूला उभे राहिलेले नवे मनोरे असोत, मान वर करून पाहावे. चौथ्या, सातव्या, नाही तर बाराव्या मजल्याच्या खिडकीबाहेर वीस-बावीस वर्षांचा एखादा पोरगा एक पाय लोखंडी जाळीवर आणि दुसरा वीतभर सज्ज्यावर ठेवून उभा असतो. एका हातात पाना, दुसऱ्या हाताने जाळी धरलेली, कमरेला दोर नाही, डोक्याला शिरस्त्राण नाही, पायात साधी चप्पल. आतून प्रश्न येतो, ‘‘अजून किती वेळ लागेल?’’ खाली रस्त्याने माणसे स्टेशनाकडे धावत असतात. त्यांच्यापैकी कोणी वर पाहत नाही, आणि पाहिले तरी त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. ज्याचे विशेष वाटावयास हवे त्याचे ते वाटेनासे झाले आहे, म्हणूनच वातानुकूलक यंत्राच्या दुरुस्तीसारख्या, वरवर पाहता किरकोळ, विषयाला आम्ही आज पहिल्या पानावरची ही जागा देत आहोत.

हे यंत्र चैनीचे आहे, ज्यांना परवडते त्यांनी आपले पाहून घ्यावे, असे म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर थोडक्यात आहे. १९०२ साली विलिस कॅरियर या अमेरिकन अभियंत्याने ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी हे यंत्र रचले, ते माणसांच्या सुखासाठी नव्हेच; दमट हवेने कागद फुगत असे आणि छपाईचे रंग जागचे हलत असत, म्हणून. (छापखान्याने जगाला दिलेल्या देणग्यांत हीही एक आहे, हे वृत्तपत्रकारांनी अभिमानाने सांगण्यास हरकत नसावी.) मुंबईच्या प्रेक्षकाने १९३३ साली रीगल चित्रपटगृहात तिकीट काढून हा गारवा घेतला. आज तोच गारवा कारकुनाच्या आणि शिक्षकाच्या घरात हप्त्याहप्त्याने आला आहे. खाडी आणि मिठागरे यांच्या मध्ये वसलेल्या या गावात मे महिन्याच्या रात्री घामाने भिजून काढलेल्या म्हाताऱ्या माणसाला कोणी चैनीचा उपदेश करू नये. यंत्र आले याबद्दल आमची तक्रार नाही. ते सांभाळण्याची विद्या त्याच्याबरोबर आली नाही, ही तक्रार आहे.

या अज्ञानाची किंमत किती असू शकते? २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे, वसईच्या खाडीपलीकडे विरारमधील एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून १३ रुग्ण दगावले. वातानुकूलन यंत्रात स्फोट होऊन ती लागली, असे त्या वेळी सांगण्यात आले. ३० मे २०२४ रोजी नोएडातील एका उंच इमारतीत सदनिका पेटली, तेव्हाही बोट याच यंत्राकडे दाखविले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या करोलबाग भागात वरच्या मजल्यावरील यंत्राचा बाहेरचा भाग सुटून खाली स्कूटरवर बसलेल्या १८ वर्षांच्या तरुणाच्या डोक्यावर पडला आणि तो जागीच कोसळला. तिन्ही घटना सारख्या नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु भिंतीवर टांगलेली ही पेटी म्हणजे विजेचा दाब, वायूचा दाब आणि लोखंडी वजन या तीन गोष्टींचा संसार आहे, आणि तिन्हींपैकी कोणतीही एक बिनसली तर काय होते हे त्यांतून दिसते.

आता ज्या एका समजुतीपायी हजारो घरांतून दरवर्षी पैसा जातो आणि कारागिरांचा जीव धोक्यात येतो, तिचा समाचार घेऊ. ‘गॅस संपला आहे, भरावा लागेल’ हे वाक्य ऐकले नाही असे घर मीरा रोडमध्ये सापडणार नाही. वस्तुस्थिती अशी की, या यंत्रातील वायू स्वयंपाकाच्या गॅसप्रमाणे जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरतो, आत उष्णता घेतो, बाहेर टाकतो आणि पुन्हा आत येतो. नळी फुटली नाही, सांधा सुटला नाही, तर तो वर्षानुवर्षे तितकाच राहतो. कमी झाला असेल तर गळती आहे. आणि गळती न शोधता वायू भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय. आपल्या खारट हवेत तांब्याच्या व ॲल्युमिनिअमच्या जाळ्या लवकर खातात, त्यामुळे गळती होते हे खरे. पण ती शोधण्याची रीत आहे. नळ्यांत कोरडा नायट्रोजन दाबाने भरावा, सांध्यांना साबणाचा फेस लावावा, बुडबुडा दिसेल तेथे जोड द्यावा, मग निर्वात पंपाने हवा व ओल काढून टाकावी आणि यंत्राच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच वायू तराजूवर मोजून भरावा. यास दोन-तीन तास लागतात. पंधरा मिनिटांत ‘टॉप-अप’ करून पावतीशिवाय दोन-तीन हजार रुपये घेऊन जाणारा माणूस यांपैकी एकही गोष्ट करीत नाही. आणि आपणही त्याला करू देत नाही, कारण आपल्याला घाई असते.

नायट्रोजनच कां, असे कोणी विचारील. कारण तो स्वस्त, कोरडा आणि निष्क्रिय आहे. त्याच्या जागी हाताशी असलेला ऑक्सिजनचा नळकांडा जोडणारे महाभागही आहेत. यंत्रात तेल असते. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की ठिणगीचीही वाट पाहावी लागत नाही. हे अज्ञान नव्हे, आत्मघात आहे.

मीरा रोडचा आणखी एक विशेष येथे सांगितला पाहिजे. येथे भाडेकरूंची वस्ती मोठी आणि करार ११ महिन्यांचे. घर बदलले की यंत्रही उतरते आणि दुसऱ्या इमारतीत चढते. उतरविण्यापूर्वी सर्व वायू बाहेरच्या भागात ओढून कोंडावा लागतो. एक झडप बंद करून यंत्र चालू ठेवायचे, वायू गोळा झाला की दुसरी झडप बंद करायची आणि तत्क्षणी यंत्र थांबवायचे, अशी ही क्रिया. तीत यंत्र चालू असतानाच नळी सोडली, किंवा आधीच कोठे गळती असली, तर वायूऐवजी हवा आत ओढली जाते. ती तेलाच्या वाफेसह दाबली जाऊन तापते आणि डिझेल एंजिनात इंधन पेटावे तशी आतल्या आत पेटते. पोलादी कवच फुटते ते असे. ‘कॉम्प्रेसर फुटला’ अशी दोन ओळींची बातमी आपण वाचतो आणि यंत्राच्या कंपनीला दोष देऊन मोकळे होतो. नळी सोडण्यापूर्वी यंत्र बंद करून वीज तोडणे, आणि गळती असेल तर ही क्रिया मुळीच न करता वायू वेगळ्या यंत्राने नळकांड्यात काढून घेणे, एवढ्यावर तो प्रसंग टळला असता.

त्यात आता वायूही बदलले आहेत. जुना आर-२२ सहजी पेट घेत नसे. मात्र तो ओझोनच्या थराला मारक म्हणून माँट्रिअल कराराखाली हद्दपार होत आहे. आज बहुतेक नव्या यंत्रांत आर-३२ आहे. त्याचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून अधिक, आणि तो मंद गतीने का होईना, पेट घेतो. काही यंत्रांत आर-२९० असतो. म्हणजे दुसरे तिसरे काही नसून प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेले की ठिणगी पुरते. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास लावलेला असतो, याला तोही नसतो; आणि हवेहून जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. असा वायू नळीत उरला असताना तिच्यावर जोडकामाची ज्योत धरणे म्हणजे काय, हे आम्ही वेगळे सांगावयास नको. जुन्या यंत्रात स्वस्त म्हणून भलताच वायू भरून देणाराला दारातूनच परत पाठवावे. वायू न पेटणारा असला तरी ज्योतीत होरपळून विषारी होतो. आणि तो हवेत सोडून देणे हेही निष्पाप कृत्य नाही. आर-४१०ए या वायूचा एक किलो हवेत गेला तर पृथ्वीच्या तापण्यात त्याचा वाटा सुमारे दोन टन कार्बन डायॉक्साइडइतका पडतो. खोली थंड करण्यासाठी जग तापवावे, असा हा व्यवहार.

विजेबद्दल थोडक्यात सांगतो. भिंतीवरील बटण बंद केले म्हणजे यंत्र मेले असे नव्हे. त्यातील कॅपॅसिटर, आणि इन्व्हर्टर यंत्राची विद्युत पट्टी, बंद केल्यावरही काही मिनिटे ३०० व्होल्टांहून अधिक भार धरून असतात. एमसीबी खाली करणे, तो कोणी वर करणार नाही अशी व्यवस्था करणे, काही मिनिटे थांबणे, भार उतरविणे आणि मोजणीयंत्राने खात्री करणे, या क्रमात कोणतीही पायरी गाळता येत नाही. घरात अर्थिंग धड आहे काय आणि गळणारी वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविला आहे काय, हे पाहणे मात्र घरमालकाचे काम आहे. ते मेकॅनिकच्या गळ्यात मारता येणार नाही.

मग गृहस्थाने स्वतः करावे काय? पुष्कळ. गारवा कमी झाला तर प्रथम आतील गाळणी काढून धुवावी. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी धुतली तर निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत. आतून पाणी टपकू लागले तर बहुधा निचऱ्याची नळी तुंबलेली असते. जाळीवर बर्फ धरला तर यंत्र बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा व बर्फ वितळल्यावर गाळणी पाहावी. पुन्हा धरला तर माणूस बोलवावा. बाहेरच्या भागापुढे कबुतरांनी घरटे केले आहे काय, किंवा आपणच पेटी, कुंड्या, वाळत घातलेल्या चटया लावून त्याचा श्वास कोंडला आहे काय, हे खिडकीच्या आतून दिसते. रिमोटच्या सेलची गोष्ट सांगताना संकोच वाटतो, पण त्यापायी माणूस बोलावून व्हिजिटचे पैसे भरणारी घरेही आहेत. एमसीबी पुन्हा पुन्हा खाली पडत असेल तर मात्र तो पुन्हा पुन्हा वर करू नये. जळका वास आला तर प्रयोग नकोत. पेटीचे झाकण उघडणे आणि खिडकीबाहेर पाय टाकणे या दोन गोष्टी गृहस्थाने कदापि करू नयेत.

खिडकीबाहेर पाय टाकणारा जो आहे, त्याच्याकडे पुन्हा वळू. हा मुलगा बहुधा उत्तरेकडून किंवा कोकणातून, मराठवाड्यातून आलेला. एखाद्या उस्तादाच्या हाताखाली दोन हंगाम काढून ‘मेकॅनिक’ झालेला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत या धंद्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये जाहीर केलेल्या शीतलीकरणाच्या कृती आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख कारागिरांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. आपल्या दारी आलेल्या माणसापाशी ते प्रमाणपत्र आहे काय, असे आपण कधी विचारले? कंपन्या काम ठेकेदाराला देतात, ठेकेदार पोटठेकेदाराला देतो, आणि त्या साखळीच्या शेवटच्या कडीला दिवसाकाठी आठ-दहा घरे उरकल्याशिवाय हातात काही पडत नाही. दोर बांधण्यास लागणारी दहा मिनिटे त्याने कोणाच्या खात्यातून काढावीत? आणि दोर असला तरी बांधावा कशाला? गंजलेल्या जाळीला? ज्या वास्तुविशारदाने इमारतीच्या दर्शनी भागावर खांब आणि कमानी काढल्या, त्याला या यंत्रासाठी दोन हात रुंदीची, आतून दार असलेली जागा काढता आली नाही. घर विकताना ‘एसी पॉइंट’ची जाहिरात होते, त्या पॉइंटच्या पलीकडे माणसाने उभे कोठे राहावे, याचा उल्लेख जाहिरातीत नसतो.

मीरा-भाईंदर महानगरपालिकेला स्थापन होऊन २००२ पासून दोन तपे लोटली. नव्या इमारतींच्या नकाशांना मंजुरी देताना अशी सुरक्षित जागा दाखविल्याविना शिक्का मारणार नाही, असे तिने ठरवावे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतींची दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्यांची दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी व्हावयाची असते. खारट हवेने पोखरलेले यंत्रांचे लोखंडी ब्रॅकेट त्याच तपासणीत घ्यावेत आणि सडलेले असतील ते संस्थेने सभासदाच्या खर्चाने बदलून घ्यावेत. प्रत्येक गच्चीवर दोर अडकविण्यासाठी तज्ज्ञाकडून तपासलेली पक्की कडी बसवावीत. आयएस ३५२१ या भारतीय मानकाचे दोन पट्टे संस्थेच्या कचेरीत ठेवावेत. एवढा खर्च गणेशोत्सवाच्या एका रात्रीच्या रोषणाईहून अधिक येणार नाही. पावतीवर वायूचे नाव, वजन आणि गळती कोठे सापडली हे लिहून घेण्याचा आग्रह सभासदांनी धरावा. दरवाज्यावरच्या वहीत पहारेकरी कारागिराचे नाव आणि येण्याची वेळ लिहून घेतोच. त्यापुढे आणखी एक रकाना आखावा, काम खिडकीबाहेरचे आहे काय याचा, आणि त्यात ‘होय’ असेल तर कमरेला पट्टा चढल्याशिवाय त्याला लिफ्टमध्ये पाऊल टाकू देऊ नये.