झेंडूची माळ आणि इंजिनातले तेल

खंडेनवमीला सुताराच्या पटाशीपासून कार्यालयातील संगणकापर्यंत सर्व साधनांची पूजा होते. दारातल्या मोटारीलाही त्या दिवशी स्नान घडते, बॉनेटवर स्वस्तिक रेखले जाते, पुढच्या जाळीला झेंडूची माळ चढते. ज्या साधनाच्या आधारे संसार चालतो, त्याच्याविषयी कृतज्ञ असावे, हा या प्रथेमागचा संस्कार. परंतु माळ सुकली की हा संस्कारही बहुधा सुकून जातो. वर्षभरात किती गृहस्थ एकदा तरी बॉनेट उघडून डिपस्टिक पाहतात? आपल्या गाडीच्या इंजिनात कोणत्या प्रतीचे तेल आहे, हे किती जणांना सांगता येते?

एके काळी मोटार बाळगणाऱ्याला तिचे थोडेफार शास्त्र अवगत असावेच लागे. अँबॅसिडर वा प्रीमियर पद्मिनी घेऊन बोरघाट चढणारा गृहस्थ पाण्याचा डबा आणि पाने-पकड बरोबर घेऊनच निघे. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, १९९१नंतर बाजार खुला झाला आणि मोटार मध्यमवर्गाच्या अंगणात येऊन उभी राहिली. गाड्या अधिक भरवशाच्या झाल्या, हे स्वागतार्हच. मात्र गाडी जसजशी शहाणी होत गेली, तसतसा तिचा मालक अजाण होत गेला. ज्ञान हातचे गेले की निर्णयही दुसऱ्याच्या हाती जातो आणि तेथूनच परावलंबन सुरू होते.

डब्यावरची अक्षरे

इंजिन ऑइलची निवड ही मुळात नाममुद्रेची निवड नव्हे. डब्यावर क्रिकेटपटूचे चित्र आहे की शर्यतीच्या मोटारीचे, याला काडीचे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते दोन खुणांना. पहिली खूण दाटपणाची. ‘५डब्ल्यू-३०’ यातील ‘डब्ल्यू’ म्हणजे हिवाळा. त्याआधीचा आकडा थंड इंजिनात तेल किती सहज वाहते हे सांगतो, तर नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनात ते किती दाट राहते हे सांगतो. दुसरी खूण प्रतीची. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या पद्धतीत पेट्रोल इंजिनाच्या तेलाची प्रत ‘एस’पासून आणि डिझेलची ‘सी’पासून सुरू होणाऱ्या अक्षरांनी दर्शवितात. ‘एसएन’पेक्षा २०२०मध्ये आलेली ‘एसपी’ ही नंतरची प्रत होय. गाडीला यांपैकी काय लागते, ते तिच्यासोबत मिळालेल्या पुस्तिकेत स्पष्ट छापलेले असते. दुर्दैवाने ही पुस्तिका बहुतेक घरांत प्लास्टिकच्या वेष्टणातून बाहेरही आलेली नसते.

नागपूर-अकोल्याच्या उन्हात ‘जरा जाड तेल टाका’ हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. जुन्या, झिजलेल्या इंजिनांच्या काळात त्याला काही अर्थ होता. परंतु चालत्या इंजिनाचे तापमान त्याची शीतयंत्रणा राखते, बाहेरचे ऊन नव्हे. आजच्या इंजिनांतील फटी अत्यंत बारीक आणि तेलाचे मार्ग अरुंद असतात. काही नव्या छोट्या गाड्यांना तर ‘०डब्ल्यू-१६’ इतके पातळ तेल सांगितलेले असते. तेथे ‘२०डब्ल्यू-५०’ ओतणे म्हणजे निरोगी माणसाला शेजाऱ्याचे औषध पाजणे होय. १ एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांनंतर डिझेल गाड्यांच्या बाबतीत ही चूक अधिकच महाग पडते. या गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडविणारी गाळणी असते. तिला कमी राख धरणारे तेलच लागते. चुकीचे तेल वापरल्यास ती हळूहळू तुंबते आणि तिच्या दुरुस्तीचा खर्च तेलावर वाचविलेल्या पैशांच्या कैक पटींनी अधिक होतो.

खरी प्रत कळली की स्वदेशीचा प्रश्न सोपा होतो. परदेशी तेल वाईट आणि देशी तेल चांगले, असा भाबडा सिद्धान्त कोणी मांडू नये. कॅस्ट्रॉल, शेल, मोबिल या कंपन्यांची तेले उत्तमच असतात. परंतु तीच प्रत इंडियन ऑइलच्या ‘सर्वो’त किंवा भारत पेट्रोलियमच्या ‘मॅक’मध्ये मिळत असेल, तर परक्या नावासाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण काय? एस्सो कंपनीचे १९७४मध्ये आणि बर्मा-शेलचे १९७६मध्ये राष्ट्रीयीकरण होऊन आजच्या हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या कंपन्या आकाराला आल्या. इंडियन ऑइलचे फरिदाबाद येथील संशोधन केंद्र १९७२पासून वंगणावर काम करीत आहे. कच्चे तेल मोठ्या प्रमाणावर आयात करावे लागते, हे खरेच. परंतु त्यापासून वंगण घडविण्याची विद्या या देशाने कमावली आहे, हेही तितकेच खरे. गुणवत्ता समान असेल तेथे आपल्या माणसाला प्राधान्य, ही स्वदेशीची साधी व्याख्या आहे. त्यासाठी घोषणांची गरज नसते, डबा वाचण्याची असते.

वॉरंटीचे भय

दुसरा प्रश्न गाडी कोणाच्या हाती सोपवावी हा. नव्या गाडीच्या मोफत सर्व्हिसिंगसाठी कंपनीच्या अधिकृत केंद्रात जाणेच योग्य. तेथे प्रशिक्षित माणसे असतात, यंत्रे असतात, प्रत्येक कामाची नोंद राहते. तक्रार आहे ती वेगळीच. तेलबदलासाठी गेलेल्या गृहस्थाच्या हाती इंजिन फ्लशिंग, डीकार्बोनायझिंग, अंतर्गत सुगंधोपचार अशा नाना कामांची यादी ठेवली जाते. त्यांतील कोणते काम पुस्तिकेत सांगितले आहे, असे विचारण्याचे धैर्य त्याला होत नाही. ‘बाहेर हात लावलात तर वॉरंटी जाईल’ या वाक्याने तो गप्प होतो.

या वाक्याचा न्यायनिवाडा झालेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ऑगस्ट २०१४मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू न देणे, हे त्यांच्यावरील आक्षेपांपैकी प्रमुख. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणासाठी सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असे आयोगाने म्हटले. कंपन्या अपिलात गेल्या. परंतु त्या आदेशाने मांडलेला प्रश्न मागे पडला नाही. जुलै २०२२मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने ‘दुरुस्तीच्या अधिकारा’साठी समिती नेमली आणि तिच्या विचारक्षेत्रात शेतीची अवजारे, मोबाइल फोन यांच्यासोबत मोटारीही घेतल्या. विकत घेतलेली वस्तू कोठे दुरुस्त करावी, हे ठरविण्याचा अधिकार मालकाचाच असला पाहिजे. तो सोडून देणाऱ्या ग्राहकाला कोणताही कायदा वाचवू शकणार नाही.

कोपऱ्यावरचा विश्वकर्मा

आणि येथेच खरा सामाजिक प्रश्न उभा राहतो. गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज चालविणारा मेकॅनिक बहुधा त्याच वस्तीतला असतो. आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेला किंवा उस्तादाच्या हाताखाली घडलेला. इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखण्याची त्याची विद्या कोणत्याही बलुतेदाराच्या विद्येइतकीच मोलाची आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे. मोटारदुरुस्ती त्यांत नाही. यंत्रयुगातील हा विश्वकर्मा अशा रीतीने ना परंपरेत मोडतो, ना कंपनीच्या छत्राखाली येतो. स्कॅनरसाठी त्याच्याजवळ भांडवल नसते आणि कंपन्या त्याला माहिती देत नाहीत. वॉरंटी संपल्यावरचे नियमित काम, म्हणजे तेल, फिल्टर, ब्रेक, बॅटरी, त्याच्याकडे गेले, तर एक घर उभे राहते आणि दोन मुले हाती कसब घेऊन बाहेर पडतात.

मात्र ही सहानुभूती आंधळी असता कामा नये. सुट्या पिंपातील बेनामी तेल ओतणारा, बिल न देणारा, जुनेच फिल्टर पुसून बसविणारा मेकॅनिकही याच समाजात आहे. त्याच्याकडे पावतीचा आणि जुना फिल्टर दाखविण्याचा आग्रह धरणे म्हणजे अविश्वास नव्हे, तो व्यवहाराचा संस्कार आहे. तेल मालकाने स्वतः खात्रीच्या दुकानातून किंवा पेट्रोल पंपावरून आणावे, सील समोर फोडवून घ्यावे आणि रिकाम्या डब्याला तेथेच भोक पाडावे. बनावट तेलाचा धंदा याच रिकाम्या डब्यांवर पोसला जातो. आणि त्याबरोबर मजुरीवरून घासाघीसही करू नये. अधिकृत केंद्रात मुकाट्याने मोठे बिल भरणारा सद्गृहस्थ मेकॅनिकशी पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालतो, हे दृश्य समाजाला शोभणारे नाही.

शेवटचा मुद्दा काढून टाकलेल्या काळ्या तेलाचा. एका तेलबदलातून निघालेले तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी दूषित करू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. भारतात ते घातक कचऱ्यात मोडते आणि १ एप्रिल २०२४पासून त्याच्या पुनर्शुद्धीकरणाची जबाबदारी तेल उत्पादकांवरही आली आहे. परंतु नियम गटारापर्यंत पोहोचत नाहीत. तेथे लक्ष ठेवणारा नागरिकच असावा लागतो. नद्यांना माता म्हणणाऱ्या समाजाने आपल्या गाडीतले तेल कोठे जाते, हे मेकॅनिकला एकदा तरी विचारायला हवे.

पुढची खंडेनवमी येईल तेव्हा माळ अवश्य घालावी. पण त्याआधी सपाट जागी, इंजिन थंड असताना, डिपस्टिक ओढून पुसावी, पुन्हा घालून पाहावी आणि तेलाची रेघ दोन खुणांच्या मध्ये आहे ना, याची खात्री करावी. घरातल्या मुला-मुलींनाही ते शिकवावे. साधनाची पूजा त्याला जाणून घेतल्याशिवाय पुरी होत नाही.