खरवस आणि चुकलेले उत्तर

गाय व्यायली की तिच्या पहिल्या दोनतीन दिवसांच्या दुधाला आपण चीक म्हणतो. त्यात थोडे साधे दूध, गूळ आणि वेलदोड्याची पूड घालून भांडे वाफेवर ठेवले की सुरीने वड्या पाडाव्यात असा खरवस तयार होतो. आमचे वडोदऱ्याचे गुजराथी शेजारी त्यालाच 'बळी' म्हणतात. घरी गाय नसलेल्यांना मात्र दोन्ही नावांच्या पदार्थासाठी गवळ्याशीच गोड बोलावे लागते. साधे दूध कितीही उकळले तरी आटते, असे थिजत नाही. याचे कारण असे की, वासराला रोगांपासून राखणारी प्रथिने चिकात विपुल असतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती ठराविक रीतीने घडी घालून गुंडाळलेली असते आणि ती घडी शाबूत आहे तोवरच प्रथिन आपले काम करते. उष्णतेने घडी मोडते, मोकळ्या झालेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि त्या जाळ्यात पाणी अडकून बसते. हा गुंता एकदा झाला की तो सुटत नाही, म्हणून खरवस निवला तरी त्याचे पुन्हा दूध होत नाही.

हेच सारे मी सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका वर्गात सांगत होतो. विषय माझा नव्हे. विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते आणि त्यांचा तास माझ्या वाट्याला आला होता. एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, उष्णतेने घडी मोडते, तर फार थंडीनेही मोडत असेल का?" मी म्हणालो, "अगं, थंडीने पदार्थ टिकतो. एरवी लोक फ्रिज कशाला घेतील?" वर्ग हसला. ती खाली बसली.

उत्तर चुकीचे होते. त्याहून वाईट असे की, खरे उत्तर तेव्हा छापून येऊन दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

ते उत्तर प्रयोगाने दाखविणारे जीवभौतिकशास्त्रज्ञ म्हणजे प्योतर प्रिव्हालोव्ह. मूळचे जॉर्जियातील तिबिलिसीचे. पुढे मॉस्कोच्या दक्षिणेस ओका नदीकाठी वसलेल्या पुश्चिनो या विज्ञाननगरीत, प्रथिन संशोधन संस्थेत त्यांनी काम केले आणि त्यानंतर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. उष्णता कोठून कोठे जाते आणि किती खर्ची पडते याचा हिशेब ठेवणारे शास्त्र म्हणजे ऊष्मागतिकी. प्रथिनांचा असा हिशेब मांडावयाचा तर अडचण मोठी होती. द्रावणात जवळजवळ सगळे पाणीच, प्रथिन नावापुरते. तापविताना बहुतेक उष्णता पाणीच पिऊन टाकते. मग प्रथिनाचा वाटा निवडावा कसा? प्रिव्हालोव्हांनी अत्यंत संवेदनशील असे उष्णतामापक यंत्र घडविले. त्यात दोन जुळ्या कुप्या. एकीत प्रथिनाचे द्रावण, दुसरीत नुसते द्रावक. दोन्ही एकाच गतीने तापवीत न्यावयाच्या आणि त्यांना लागणाऱ्या उष्णतेतील फरक तेवढा टिपावयाचा. सोनाराच्या तराजूची आठवण व्हावी अशी ही युक्ती आहे. पाण्याचे वजन पाण्यानेच फेडले जाते.

१९७४ साली प्रिव्हालोव्ह आणि खेचिनाश्विली यांनी काही प्रथिनांची अशी मापने प्रसिद्ध केली. त्यातून दिसले ते विलक्षण होते. प्रथिनाची घडी टिकवून धरणारी निव्वळ शिल्लक एका मोलमागे अवघी ५ ते १५ किलोकॅलरी इतकीच भरते. कार्बनच्या दोन अणूंमधला एक साधा बंध तोडावयास सुमारे ८० लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे ही शिल्लक किती तुटपुंजी आहे ते कळेल. शेकडो आकर्षणे एका बाजूस आणि मोकळे होण्याची ओढ दुसऱ्या बाजूस. दोन्ही रकमा प्रचंड, आणि वजाबाकी एवढीशी. आपल्या रक्तातील, स्नायूंतील सारा कारभार या वजाबाकीवर चालतो.

दुसरी गोष्ट त्या मुलीच्या प्रश्नाशी थेट निगडित आहे. उलगडलेल्या प्रथिनाला एक अंश तापविण्यास घडीतल्या प्रथिनापेक्षा अधिक उष्णता लागते. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या फरकामुळे घडीच्या स्थैर्याचा आलेख सरळ रेषेत न जाता कमानीसारखा वाकतो. मध्ये कोठे तरी स्थैर्य सर्वाधिक, आणि दोन्ही अंगांना उतार. म्हणजे गणिताप्रमाणे पुरेशा थंडीतही घडी मोडलीच पाहिजे! १९८६ साली प्रिव्हालोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायोग्लोबिन या प्रथिनावर तसे घडलेले दाखविले. आपल्या स्नायूंत प्राणवायू साठविणारे हे प्रथिन आम्ल द्रावणात थंड करीत नेले तेव्हा ते उलगडले, आणि उलगडताना त्याने उष्णता शोषून न घेता उलट बाहेर टाकली. पुन्हा कोमट केले की घडी पूर्ववत बसली.

असे का व्हावे? प्रथिनाच्या साखळीतील काही भाग तेलाच्या जातीचे असतात. पाण्यावर तेलाचे थेंब जसे एकत्र येतात तसे ते पाण्यापासून तोंड लपवून आत दडतात. घडी बसते त्यात या दडण्याचा मोठा वाटा आहे. परंतु थंडीत हा दुरावा ओसरू लागतो. थंड पाणी त्या भागांभोवती नीट रचून बसू शकते आणि लपण्याची निकड उरत नाही. प्रथिनाची घडी प्रथिनाने एकट्याने घातलेली नसते, तीत पाण्याचा हात असतो, हे मला त्या वर्गात ठाऊक नव्हते.

डी. एन. ए.च्या दुहेरी गोफाची गोष्टही तशीच निघाली. त्याच्या पायऱ्या दोन प्रकारच्या. एकीत दोन हायड्रोजन बंध, दुसरीत तीन. तीन बंधांच्या पायऱ्या अधिक असतील तर गोफ सुटावयास अधिक तापमान लागते, म्हणून 'तीन गुंड्यांचा सदरा उशिरा निघतो' असे आम्ही मुलांना सांगत आलो. प्रिव्हालोव्हांच्या गटाने २०१५ साली प्रसिद्ध केलेली मापने मात्र भलतेच सांगतात. दोन बंधांची पायरी उकलावयास उष्णता कमी नव्हे, जास्तच लागते! तरीही ती लवकर सुटते, कारण तिच्या खोबणीत पाण्याचे रेणू प्रार्थनेच्या रांगेतल्या मुलांसारखे शिस्तीत उभे असतात. पायरी उकलली की घंटा झाल्यासारखे ते चौफेर पांगतात, आणि त्या पांगण्याची ओढ खर्ची पडलेल्या उष्णतेची भरपाई करते. गुंड्यांचा दृष्टान्त मी तेव्हापासून सोडून दिला आहे. त्याच्याइतका सोपा दुसरा अद्याप सापडलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

गेल्या वर्षी पालकसभेत ती विद्यार्थिनी भेटली. तिची मुलगी आता आमच्याच शाळेत आहे. मी तिला जुना प्रश्न आणि त्याचे खरे उत्तर सांगितले. ती हसून म्हणाली, "सर, मला तर काहीच आठवत नाही." मग क्षणभर थांबून तिने विचारले, "पण इन्शुलिनही प्रथिनच ना? आई त्याची बाटली फ्रिजमध्ये अगदी वर, बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवते."

या वेळी मी विज्ञानाच्या बाईंना बोलावून घेतले. त्यांनी सांगितले ते असे: न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी, बर्फाच्या कप्प्यापासून दूर. गोठण्याने होणारी हानी निव्वळ थंडीची नसते, बर्फाचे स्फटिकही तीत भर घालतात; पण एकदा गोठलेले इन्शुलिन वितळून पूर्वीसारखे दिसले तरी वापरू नये, टाकून द्यावे. तिने तेथूनच आईला फोन लावला.