‘हॉलिडे’चे हरवलेले पावित्र्य

यंदा गणेशचतुर्थी कोणत्या वारी, हा प्रश्न अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत हल्ली पूजेपेक्षा रजेच्या हिशेबासाठीच अधिक विचारला जातो. रविवारी आली की ‘एक हॉलिडे बुडाला’ म्हणून आपण हळहळतो. ज्या शब्दासाठी हळहळतो त्याचे कुळ मात्र पाहत नाही.

‘हॉलिडे’ म्हणजे मुळात ‘होली डे’, पवित्र दिवस. मध्ययुगीन इंग्लंडात चर्चने नेमलेल्या सणांच्या दिवशी काम थांबे, ते उपासनेसाठी. पुढे उपासना मागे पडली आणि थांबलेले काम तेवढे उरले. ‘होली’चे नाते ‘होल’, म्हणजे अखंड, या शब्दाशी आहे, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. आपला ‘सण’ आला संस्कृत ‘क्षण’ या शब्दावरून; उत्सव हाही त्याचा एक अर्थ. ‘सुट्टी’चे नाते सुटण्याशी. कशातून सुटलो ते सुट्टी सांगते. कशात रमलो ते सण सांगतो.

विश्रांतीला आम्ही कमी लेखीत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झुंजीमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. रविवार हा खंडोबाचाही वार. राबून थकलेल्या देहाला देवापुढे उभे राहण्यासही सवड लागते, हे त्या पिढीने ओळखले होते.

परंतु दिवसाला पावित्र्य येते ते सरकारी आदेशाने नव्हे. अंधेरीच्या आझादनगरातील ‘अंधेरीचा राजा’ पाहा. १९६६ मध्ये कारखान्यांतील कामगारांनी हा उत्सव आरंभिला. येथील विसर्जन अनंत चतुर्दशीस न होता संकष्टीस होते. कामगारांच्या नवसातून ही प्रथा पडल्याचे सांगतात. दिनदर्शिकेत ती तारीख तांबडी नसते. तरीही वेसाव्याच्या किनाऱ्यापर्यंत भक्तांचा पूर लोटतो. तेथे ‘हॉलिडे’ नसतो; ‘होली डे’ मात्र असतो.

चतुर्थीच्या दिवशीही लोकल धावतात, रुग्णालये चालतात, चौकात पोलीस उभा असतो. आपल्या सुट्टीचा भार कोणीतरी वाहतच असतो. तेव्हा यंदा एवढेच करावे : आपल्या चाळीत वा सोसायटीत कोणी कामावरून उशिरा परतणार असेल, तर रात्रीची आरती त्याच्यासाठी थोडी थांबवावी. तो येऊन टाळ हाती घेईल, तेव्हाच तो दिवस खऱ्या अर्थाने अखंड होईल.